चेहरा सिद्कीचा, गळा माझा

दुसऱ्याच्या विधवेला तिच्या नवऱ्याच्या आवाजाची कॅसेट आणून देण्याचं पुण्यकर्म शहाण्या माणसाने अंगावर घेऊ नये. आणि तो आवाज मुळात आपलाच असेल, तर मुळीच घेऊ नये. मी घेतलं.

सिद्की वारला त्याला सव्वीस दिवस झाले होते. शुब्रा वस्तीतल्या आमच्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. वजनमापं खात्यात आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. त्याच्या घरी चाळीस दिवसांचा शोक चालू होता. टीव्हीवर पांढरी चादर, रेडिओ बंद, येणाऱ्याजाणाऱ्याला बिनसाखरेची कडू कॉफी. त्यांच्या घरात साखरेचा डबा म्हणून उघडला गेला नव्हता. खाली आम्हीही टीव्ही लावत नव्हतो. त्या महिन्यात फुटबॉलचा मोठा सामना झाला, तो मी दोन चौक पलीकडच्या कॉफीखान्यात, खांबाच्या आडून पाहिला. गोल झाला तेव्हा ओरडलोसुद्धा नाही. एवढं मन मारलेलं कोणाच्या लक्षातही आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

सत्ताविसाव्या दिवशी उम्म नादियाने, म्हणजे नादियाच्या आईने, सिद्कीच्या बायकोने, मला आणि माझ्या बायकोला, सुआदला, वर बोलावलं.

"उस्ताद बहजत, कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानात 'कमी वजनाचे साहेब'ची कॅसेट आली आहे म्हणे."

"आली असेल," मी म्हणालो.

"चाळिसाव्याला टीव्हीवरची चादर काढायची. काढल्यावर पहिलं माणूस दिसेल ते नादियाचे बाबा, अबू नादिया असू देत. मला त्यांना एकदा ऐकायचंय हो. फोटो आहेत ढीगभर. पण ऐकू येतात ते तेवढ्या एकाच ठिकाणी."

सुआदने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला सिद्की नेहमीसारखाच, दाखला नामंजूर केल्याच्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता.

"आणतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुम्हीच सांगा.

आता त्या सिनेमाबद्दल. अकरा वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक दिग्दर्शक आला. त्याच्या सिनेमात दोन बेकार दोस्त पुरवठा खात्याचे निरीक्षक बनून रोटीच्या भट्ट्यांमध्ये शिरतात, रोट्या तोलतात, भट्टीवाल्यांना दम देतात आणि टोपलीभर गरम रोट्या घेऊन निघतात. त्याला सरकारी शिक्क्याचा खरा तराजू हवा होता. तराजू माझ्या ताब्यात. आमच्याकडे अशा वस्तूला उहदा म्हणतात: सरकारची टाचणी जरी तुमच्या सहीने घेतली असली, तरी ती मोडली तर तुमची मान मोडली. नियम असा, की उहदा कचेरीबाहेर गेला तर त्याच्यासोबत दोन माणसं गेली पाहिजेत. म्हणून तराजू गेला, सोबत मी गेलो आणि सिद्की गेला.

शेवटच्या प्रसंगात खरा निरीक्षक येतो आणि सोंग उघडं पडतं. त्या भूमिकेचा नट त्या दिवशी आलाच नाही. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं, सिद्कीला पाहिलं आणि म्हणाला, "हा!" बरोबरच होतं म्हणा, सिद्कीचा चेहरा जन्मतःच सरकारी होता. मग त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही तराजू धरा." त्या दृश्यात माझा डावा कोपर आहे. नीट पाहिलं तर दिसतो.

सिद्कीला एकच वाक्य होतं: "थांबा! खरा निरीक्षक मी आहे. वजन मी करणार!" आता सिद्कीला कुठेही शिरण्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय. घरात शिरताना पुरुषमाणूस खाकरतोच, आतल्या बायकांना डोकं झाकायला सवड मिळावी म्हणून. पण हा कचेरीत, टॅक्सीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसतानासुद्धा खाकरायचा. कॅमेऱ्यापुढेही भट्टीच्या दारात तो आधी दोनदा खाकरला आणि मग बोलला. तो बोलायला लागताच गल्लीतलं एक गाढव ओरडलं. दृश्य सात वेळा घेतलं. गाढवाने सातही वेळा अचूक वेळ पाळली, जी आमच्या खात्यात आजवर कोणी पाळलेली नाही.

दोन महिन्यांनी स्टुडिओतून निरोप आला, वाक्य पुन्हा बोलून जा. नेमके त्याच आठवड्यात सिद्कीचे टॉन्सिल काढलेले. तो कागदावर लिहून बोलायचा. त्याने लिहिलं, "तू जा. कोणाला कळतंय?" मी गेलो. आवाजाच्या यंत्रावर बसलेला माणूस म्हणाला, "गाढवाच्या आधीचं स्वच्छ आहे, ते राहू दे. गाढवापासून पुढे तुम्ही." गाढवापासून पुढे मी बोललो. सिद्कीने मला शपथ घातली की हे कोणाला सांगायचं नाही, कारण 'सिनेमात मी बोललोय' असं सासऱ्याला तो आधीच सांगून बसला होता. त्याच्या मुलीच्या, नादियाच्या, डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि गणित करत होती.

पुढे अकरा वर्षं लग्नकार्यात कोणीतरी हटकून म्हणायचं, "सिद्की, ते वाक्य म्हण ना!" तो म्हणायचा आणि टाळ्या घ्यायचा. मला अधूनमधून वाटायचं, हा बोलतोय थोडा माझ्यासारखा. पण ती माझीच घमेंड म्हणून सोडून द्यायचो. ज्या वाक्यात माणूस "खरा मी आहे" असं ओरडून सांगतो, ते वाक्य माझं होतं आणि टाळ्या त्याला होत्या. हे दुःख मी कोणाला सांगितलं नाही. सुआदला सांगितलं, पण ती हसली.

तर कॅसेट. बातमी इमारतीत संध्याकाळपर्यंत पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या हज्जा फाइका म्हणाल्या, "शोकाच्या घरात विनोदी सिनेमा? माणसाला कबरीत तरी सुखाने पडू द्या!" तासाभराने त्यांनी निरोप पाठवला की दाखवायचाच असेल तर आवाज बंद करून दाखवा. पुढे म्हणाल्या, आवाज राहू द्या, पण मी पडद्याकडे पाठ करून बसेन. त्यांना बोलावलं कोणी होतं हे अजून मला कळलेलं नाही.

व्हिडिओचं यंत्र इमारतीत एकच, चौथ्या मजल्यावरच्या बाशमुहंदिस लुत्फीकडे. लुत्फी कुवेतमध्ये सात वर्षं फ्रिज दुरुस्त करत होता. परत येताना यंत्र घेऊन आला, तेव्हापासून सगळे त्याला इंजिनिअरसाहेब म्हणजे बाशमुहंदिस म्हणतात आणि तो हाकेला ओ देतो. यंत्रावर त्याच्या बायकोने मोत्यांचं झाकण शिवलं आहे.

"देईन," लुत्फी म्हणाला. "पण मी स्वतः घेऊन येणार, मीच चालवणार. तुम्ही बटणाला हात लावायचा नाही. तुमचा हात जड आहे, उस्ताद बहजत. मागे माझ्या दाराची घंटा तुम्हीच बिघडवलीत."

ती घंटा आधीच बिघडलेली होती. पण काम त्याच्याकडे होतं, म्हणून मी मान डोलावली.

दुकानात गेलो तर कॅसेट बाहेर गेलेली. तीन दिवसांनी मिळाली. लुत्फीने लावून पाहिली तर आत कुणाच्या तरी सुंतेचा समारंभ. कोणीतरी सिनेमावर आपल्या पोराचा सोहळा उतरवून घेतला होता. दुकानदार म्हणाला, "मुबारक हो म्हणा! काळजी नको, अस्सल प्रत मागवून तुमच्या नावाने बाजूला ठेवतो." ठेवली. पस्तिसाव्या दिवशी सकाळी ती आणायला गेलो, तर दुकानाच्या दारावर साखळी, कुलुपावर लाल लाख. दुकानदार चोरट्या नकला विकायचा म्हणे. माझ्या नावाची अस्सल प्रत लाखेच्या आत, मी बाहेर.

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. सरकारनेच दार बंद केलं. आता मी काय करणार? घरी येऊन सुआदला म्हणालो, "नशीब नाही बिचारीचं." सुआद म्हणाली, "तोंड बघ आरशात. शोक झालेला दिसत नाही." मग वर उम्म नादियाला सांगायला गेलो. टीव्हीवरच्या चादरीची एक चुणी तिने हाताने सारखी केली, एवढंच. मी जिना उतरलो, कपडे बदलले आणि बस पकडली.

चोरट्या कॅसेटी पकडणाऱ्या त्या खात्याच्या कचेरीत एका अधिकाऱ्यापुढे मला उभं केलं. पोलीस अधिकाऱ्याला बाशा म्हणायचं असतं. तीन वेळा म्हणालो.

"कॅसेट पुरावा आहे," बाशा म्हणाला. "कशाला हवी?"

"एका चाळिसाव्यासाठी, बाशा."

"सिनेमा विनोदी ना?"

"हो, बाशा."

त्याने पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगू लागलो आणि समजावता समजावता तोंडातून निघून गेलं की त्या सिनेमात मी स्वतः आहे.

"कलाकार आहात? संघटनेचं कार्ड दाखवा."

"कार्ड नाही. मी वजनमापं खात्यात आहे."

"म्हणजे कलाकार नसताना कलाकार म्हणवून सरकारी पुरावा सोडवायला आलात," बाशा थंडपणे म्हणाला. "याला तोतयेगिरी म्हणतात. शावीश अब्दुल-मौला, दार लावा."

दाराशी उभ्या हवालदाराने, म्हणजे शावीशने, दार लावलं. शहानिशा करायची म्हणून पुरावा यंत्रात घातला गेला. माझा प्रसंग सिनेमाच्या अगदी शेवटी असल्यामुळे शहानिशेला पावणेदोन तास लागले. शेजारच्या तीन खोल्यांतून खुर्च्या आल्या. चहा आला. सगळं खातं पोट धरून हसत होतं आणि मी, संशयित, मधोमध स्टुलावर. अखेर भट्टीचं दार उघडलं.

"हे तुम्ही?" बाशा म्हणाला.

"नाही, तो माझा मित्र. तोच वारला. पलीकडे कोपर दिसतोय, तो मी."

"कोपरावर कलाकार होता येत नाही."

"आवाजही माझाच आहे, बाशा." आणि उभा राहून मी वाक्य म्हणून दाखवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, भरल्या सभेत. त्या सगळ्या शिपायांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

"तोंड त्याचं, आवाज तुमचा," बाशा विचारात पडला. "मग यातला खोटा कोण?" वरिष्ठांना फोन झाला. शेवटी माझी जबानी घेतली गेली: 'मी, बहजत अब्दुल-मुत्तलिब, वय एकावन्न, जाहीर करतो की सदर चित्रपटातील खऱ्या निरीक्षकाचा आवाज खोटा असून तो माझा आहे.' खाली सही, वर गरुडाचा शिक्का. कॅसेट चाळिसाव्याच्या एका दिवसासाठी माझा उहदा म्हणून लिहून दिली. आणि उहदा बाहेर जाताना सोबत दोन माणसं हवीत हा नियम तिथेही होता. एक मी. दुसरा, जबानीचा कागद खिशात घालून, शावीश अब्दुल-मौला.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी सुआद म्हणाली, "सांगून टाक तिला खरं."

"चाळिसाव्याला? टीव्हीवरची चादर काढून? शपथ आहे गळ्यात माझ्या! आणि ती बिचारी नवऱ्याचा आवाज ऐकायला बसणार. तिला सांगू, की बाई, हा मी आहे?"

"मग ऐकू दे तिला तुझा आवाज. रडेल त्याच्यावर."

हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. मित्राची बायको माझ्या आवाजावर रडणार आणि मी शेजारी बसून पाहणार. सोंगं दुसऱ्यांनी केलेली सिनेमात बघायला बरी.

"नाहीतर खोक," सुआद वैतागून म्हणाली. "त्या वाक्यावर जोरात खोक आणि सुटका करून घे." ती टाकून बोलली होती. मी ते मनावर घेतलं.

चाळिसाव्याला सकाळी कबरस्तानात जाऊन आलो, खजूर आणि पोळ्या वाटल्या. दुपारच्या नमाजानंतर सगळे सिद्कीच्या दिवाणखान्यात जमलो. लुत्फी यंत्र दोन्ही हातांवर घेऊन पायरी पायरी मोजत उतरला. हज्जा फाइका पडद्याकडे पाठ करून बसल्या. शावीश कडू कॉफी घेऊन दाराशी बसला. लोकांना वाटलं, सिद्की खात्यात फारच मोठा होता. नादिया मात्र आत आलीच नाही. "मला नाही बघवणार," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसली. उम्म नादियाने स्वतः चादर काढली, घडी केली, मांडीवर ठेवली.

सिनेमा सुरू झाला. सिनेमा, काय सांगू, अतिशय विनोदी आहे. ते दोन तोतये पहिल्याच भट्टीत तराजू उलटा धरतात. सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे, समोर विधवा, हसायचं कसं? सुआदने रुमाल तोंडात कोंबला. लुत्फी छताकडे बघून ओठ चावत होता. हज्जा फाइकांची तर नुसती पाठ दिसत होती, पण ती पाठ हलत होती. उम्म नादिया एकटी शांत होती. तिचा एक हात चादरीवर होता आणि ती वाट बघत होती.

भट्टीचं दार आलं. मी श्वास भरून घेतला. दार उघडलं, इस्त्रीचा शर्ट घातलेला आमचा सिद्की उंबऱ्यात उभा राहिला, शेजारी माझा कोपर. उम्म नादिया पुढे झुकली आणि मी बेंबीच्या देठापासून खोकायला सुरुवात केली.

"गप्प बसा!" ती ओरडली. वीस वर्षांच्या शेजारात ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "लुत्फीभाऊ, मागे घ्या."

मागे घेतलं. या वेळी धोका नको म्हणून मी थोडा आधीच सुरू झालो. सुआदने मला कोपर मारलं, तरी खोकलो. लुत्फीने चित्र थांबवलं. पडद्यावर सिद्की उघड्या तोंडाने थरथरत उभा राहिला.

आणि शावीश अब्दुल-मौला उठला. मनाने फार चांगला माणूस, चांगुलपणानेच बोलला. "पाणी द्या कोणीतरी उस्तादांना. बाईसाहेब, मनावर घेऊ नका. स्वतःचा आवाज ऐकायला लाजतो माणूस."

"स्वतःचा?" हज्जा फाइका गर्रकन वळल्या. पडद्याकडे न बघण्याचा सगळा निर्धार तिथेच संपला.

"यांचाच ना तो आवाज? ही बघा जबानी." आणि त्याने कागद काढून, शिक्क्यापर्यंत सगळा, मोठ्याने वाचला.

मग जो गोंधळ उडाला तो मी सांगत नाही. लुत्फी म्हणाला, "फसवलंत! यासाठी मी यंत्र खाली आणलं?" हज्जा फाइका म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द! तोबा तोबा!" सुआद माझी बाजू घ्यायला उठली आणि तिने टॉन्सिलपासून सगळं सांगून टाकलं. शावीश ज्याला त्याला विचारत होता, "काही चुकलं का माझं?" पाव तास झाला तरी पडद्यावर सिद्की तसाच, तोंड उघडं ठेवून, थरथरत. बिचाऱ्याला बोलायचं होतं आणि कोणी बोलू देत नव्हतं. माझं जे व्हायचं ते झालं होतं. मी मान खाली घालून सतरंजीची नक्षी बघत राहिलो.

"मला माहीत आहे," उम्म नादिया म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. थिएटरात बसले होते तेव्हापासून. नऊ वर्षं संसार झाला होता आमचा. नवऱ्याचा आवाज ओळखणार नाही मी?"

"मग त्याला बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? न्हाणीघरात नळ सोडून तुमच्यासारखं बोलायची तालीम करायचे ते. लग्नात कोणी वाक्य म्हणायला लावलं तर सिनेमातल्यासारखं जमलं पाहिजे ना! मी दाराबाहेर उभी राहून तोंडात रुमाल कोंबून हसायची." तिला आत्ताही हसू आलं आणि तसंच विरलं. "तुमचं ते नाकातलं बोलणं त्यांना शेवटपर्यंत नाही जमलं."

मी नाकात बोलत नाही. पण ती वेळ ते काढायची नव्हती.

"मग ही कॅसेट कशाला हवी होती तुम्हाला?" मी म्हणालो. माझा आवाज खरंच नाकातून आला.

"बोलण्याआधी खाकरतात ना ते, दोनदा? ते त्यांचं आहे. जिन्यात रोज ऐकायची मी. आम्ही डोक्यावर ओढून घेईपर्यंत दारात थांबायचे, आणि नादियाने तोवर त्यांचा तीन चमचे साखरेचा चहा टाकलेला असायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्याचंच जास्त लागलं. "तेवढंच उरलंय त्यांचं, उस्ताद बहजत. आणि तुम्ही दोन्ही वेळा त्याच्यावर खोकलात."

माणसाला धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं का वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी मित्राची लाज राखायला निघालो होतो आणि मित्रच झाकून टाकला होता.

"लावा हो, लुत्फीभाऊ," मी म्हणालो. "या वेळी श्वाससुद्धा घेत नाही."

लुत्फीने बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, सिद्की आडवा झाला, फाटला आणि पडदा निळा पडला. इतका वेळ एकाच जागी धरून ठेवलेली फीत यंत्राने चावली होती. लुत्फीने झाकण उघडलं. आतून फितीचा चुरगळलेला पुंजका बाहेर आला. कुवेतच्या सात वर्षांची शपथ, त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

"एक वीत तरी कापावी लागेल," तो म्हणाला. "नेमकी तीच जागा आहे. खाकरणं राहील की जाईल, ते मी सांगू शकत नाही."

"सरकारी पुरावा आहे!" शावीश म्हणाला. उम्म नादियाने त्याच्याकडे फक्त बघितलं. तो आपला प्याला उचलून भिंतीकडे तोंड करून बसला. हज्जा फाइकांनी दुपारपासून जे करून दाखवलं होतं ते आता त्याने केलं.

लुत्फीने नखं कापायची कात्री मागितली. मी मोत्यांचं झाकण पसरून धरलं, सुआदने चिकटपट्टीचे तुकडे केले. लुत्फीने कपाळाचा घाम पुसला, बिस्मिल्ला म्हटलं आणि कापलं. कापलेला तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. मी बावीस वर्षं वजनं करणारा माणूस. त्याला काहीच वजन नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाशाच्या कचेरीत माझ्याच हाताने लिहून दिलं, 'पुरावा एक वीत कमी,' आणि खाली सही केली.

फीत जोडली, गुंडाळली, कॅसेट आत गेली. कोणी हलत नव्हतं. आतून नादिया बशा रचत असल्याचा आवाज येत होता. पडद्यावर दोन्ही तोतये रोट्यांची टोपली उचलून निघाले. भट्टीचं दार उघडलं. सिद्की उंबऱ्यात उभा राहिला.

तो खाकरला. एकदा, आणि थोडं थांबून, पुन्हा.

मग चित्राने उडी मारली आणि तोतये रस्त्याने पळत सुटले. वाक्य गेलं होतं. या जगात माझ्या नावावर जमा असलेली सिनेमाची सगळी सेवा माझ्या तळहातावर चुरगळून पडली होती, आणि देवाशपथ सांगतो, मला तिचं काहीही वाटलं नाही.

स्वयंपाकघरात बशांचा आवाज थांबला.

"आई," नादियाने आतून हाक मारली, रोज मारायची तशी, घाईघाईने, "बाबा आले!"

आणि मग तिचं तिलाच कळलं असावं. उम्म नादियाचा हात केव्हाच डोक्याकडे गेला होता. रुमाल कपाळावर नीट ओढून ती दाराकडे बघत होती. आम्हीही सगळे दाराकडेच बघत होतो, भिंतीकडे तोंड केलेला शावीशसुद्धा.

"हो गं," ती म्हणाली. "चहा टाक. साखर तीन चमचे."

लुत्फीने, कोणी न सांगता, फीत मागे घेतली.